छातीच्या उंचीवर

पहिल्या दिवशी मी त्यांना काही शिकवत नाही.
मोजे गुडघ्यापर्यंत ओढा, एवढंच सांगते.
जळवा पदवी विचारत नाहीत.

या खेपेला सहाजण आलेत, अकरा आठवड्यांसाठी.
फिनलंडची इल्मा, जिची वही अजून कोरडी आहे.
आणि इथलाच, कोता किनाबालूचा जोव्हिनस,
ज्याला माझी भाषा येते, झाडांची नावं येत नाहीत.

नियम असा:
घेर मोजायचा छातीच्या उंचीवर.
एक मीटर तीस.
कुणाची छाती, ते कागदात लिहिलेलं नाही.
माझी त्याहून खालीच राहते,
म्हणून मी टाचा उचलते,
आणि फीत खोडामागून फिरवून आणताना
सेरायाला मिठी मारल्यासारखं होतं.
पोरं फोटो काढतात. काढू देत.
दोनशे बारा पॉइंट चार, मी ओरडते.
गेल्या वर्षी दोनशे बारा पॉइंट एक.

तीन मिलिमीटर? जोव्हिनस विचारतो.
तीन.
अल्युमिनिअमचा बिल्ला मात्र साल अर्धा गिळून बसलीय,
४४१७ मधले दोन चार तेवढे बाहेर.

माझे वडील लाकूडतळावर होते.
त्यांच्याही हातात लाल रंगाचा डबा असायचा.
ते ज्या खोडावर पट्टा ओढत
ते महिन्याभरात नदीला लागायचं.
मला इथं नोकरी लागली तेव्हा
एकदा त्यांना आणलं, हेच झाड दाखवायला.
लाल रेघेवर अंगठा ठेवून म्हणाले,
सरळ आहे. कधी पाडणार?
नाही पाडणार. पुढच्या वर्षी मोजणार.
आणि मग?
मग त्याच्या पुढच्या वर्षी.
ते पोट धरून हसले,
मग बराच वेळ काही बोलले नाहीत.
परतताना वाटेत तीन झाडं त्यांनी नावानं ओळखली,
आणि प्रत्येकाचे किती टन होतील, तेही सांगितलं.

सेराया पाच-सात वर्षांतून एकदा फळतो,
सगळे एकदम, कुणाला तारीख न देता.
मागच्या वेळी पोरांचं विमान उडालं
आणि बाराव्या दिवशी आभाळातून भिंगऱ्या सुटल्या,
पत्र्यावर, भाताच्या पातेल्यात, माझ्या केसांत.
त्यांच्या प्रबंधात छापलंय:
फळधारणा आढळली नाही.
खोटं नाही ते.
मी एक फळ पाकिटात घालून ठेवलं होतं, पाठवायला.
त्याला पाकिटातच कोंब फुटला.

आता दहावा आठवडा.
इल्माची वही ओल खाऊन पावासारखी फुगलीय,
पाय ओरबाडलेत, आणि जळू ती बोलता बोलता
नखानं काढून टाकते, वाक्य न तोडता.
फीत आज तिच्या हातात.
उंच पोरगी; रेघेपर्यंत यायला तिला गुडघे वाकवावे लागतात.
दोनशे बारा पॉइंट नऊ, ती म्हणते,
आणि डोळे चमकतात,
जणू तिच्यासमोरच वाढलं.

फीत मागे ढिली आहे, मी म्हणते.
पुन्हा घे.