लूज

रामबागेतल्या माझ्या दुकानात हा शब्द
दिवसातून चाळीसदा येतो.
बगलेत लूज, कमरेत जरासं लूज,
"पण मास्टरजी, बोरा नको वाटायला."
मशीनच्या पायट्याचा बोल्ट लूज.
समोर जैनसाहेब लूज शेव तोलतात,
पाकिटातली खाणारा इंदूरचा नव्हेच म्हणतात.
मागल्या पंधरवड्यात मलाच लूज मोशन होते,
दोन दिवस शटर खाली,
पाटीवर कारण लिहिलं नाही.

धडफळे बाई इंग्रजी शिकवायच्या, मुलींच्या शाळेत.
माझी मापांची वही एकदा उलटीकडूनच वाचली त्यांनी.
"बोंगाळे, हे काय?"
लूज लिहिलं होतं. इंग्रजीत, ऐटीत.
"दोन ओ हवेत. एकच लिहिलात तर
सैल नाही होत, हरवतं."
मी म्हटलं, बाई, ऐकायला तर एकच.
म्हणाल्या, ऐकायला पुष्कळ गोष्टी एकच असतात,
आणि माझाच खडू घेऊन माझ्याच टेबलावर
दोन गोल काढले, टिचबटणांएवढे, शेजारी शेजारी.
आठवडाभर मी ते पुसले नाहीत.
बाजूला सरकून कापड बेतलं.

त्यांचं माप अडतीस.
कितीक वर्षं अडतीसच, वही न उघडता सांगितलं असतं.
मग निळ्या माहेश्वरीवरचा ब्लाउज आला परत.
"थोडा आत घ्या, लूज होतोय."
छत्तीस केला. हसून म्हणाल्या,
डॉक्टरनं भात बंद केलाय ना.
उन्हाळ्यात तोच पुन्हा. भाताचं नाव नाही.
संक्रांतीनंतर सून आली, स्कूटी चालूच ठेवून,
पिशवीत तोच निळा.
आणि माप?
"अंदाजानं घ्या काका."

अंदाजानं मी उशीचा अभ्रासुद्धा शिवत नाही.
हा शिवला.
वहीत लिहिलं लूज,
दोन्ही ओ नीट, गोल, घाई न करता.

तिकडून कुणी आलेलं नाही अजून.
नंबर आहे. लावला तर काय बोलायचं,
ब्लाउज तयार आहे, एवढंच.
हुकाला टांगलाय. पंख्यानं हलतो.

कापड मात्र कापलं नाही मी.
दोन्ही कुशींना सगळी माया
आतल्या आत दुमडून ठेवली आहे.
उसवायला पाच मिनिटं.
अडतीसपर्यंत सहज सुटेल.