अंडीवालीचा हिशेब

बत्तीस वर्षं अंडी वाहिली मी
कास्तेल्लोच्या चढावरून खाली बंदरापर्यंत,
उरलेली पुन्हा वर.
जेनोवात सपाट असं काही नाही,
समुद्र सोडला तर.

ओबेर्तो मेस्त्रींकडे रोजची दोन डझन.
शहरी कोंबडीचं फिकं बलक कुमारिकांच्या गालांना,
माझ्या गावठी कोंबड्यांचं तांबूस
म्हाताऱ्या संतांना, उन्हात रापलेल्यांना.
पांढरं शिकाऊ पोरं पिऊन टाकायची.
मी म्हणायचे,
या गावातला एकेक संत
माझ्या खुराड्यातून निघालाय.

मग तो आला. गेंटहून, लोकरीच्या जहाजातून.
लिव्हेन नाव, भुवया पिवळ्या,
डिसेंबरातही आमच्याकडे घामाघूम.
काखेत जवसाच्या तेलाचा बुधला.
अंडं नको म्हणाला, मानेनेच.
भाषा कुठे होती त्याला?

दोघांत मिळून एकच फळी.
मेस्त्रींनी दोरी ताणून खडूची रेघ उठवली,
कमानी उभ्या केल्या, खांब, फरशी,
मरियेला मधोमध बसवलं डोंगरासारखी,
गोठ्यातही ऐसपैस.
आणि लिव्हेन कडेकडेने आत शिरला,
उंदरासारखा:
गवताची काडी न् काडी,
योसेफाच्या बोटांवरच्या भेगा,
बैलाच्या नाकपुडीवरचा ओलावा,
मरियेच्या पापणीखाली
न पडलेलं पाणी.
मेस्त्री भडकले, "देवाच्या आईला पडसं झालंय की काय!"
पण पुसलं नाही.

तेल सुकायला आठवडे लागायचे.
विकायला काही नसताना मी जायचे,
सुकलं का बघायला.

मागच्या भिंतीत त्याने एक खिडकी उघडली.
बाहेर आमचा डोंगर नाही, आमचं ऊनही नाही.
राखी आभाळ, सरळ रेघेत पाणी,
आणि जमीन इतकी सपाट
की मला वाटलं, रंगवायची राहिलीय.
त्या वाटेवर मुंगीएवढी एक बाई,
डोक्यावर टोपली.
बोट ठेवून विचारलं, ही कोण?
तो म्हणाला, "मूदर."
खरखरीत शब्द, घशातून ओढलेला,
पण कळला.
किती ताठ चाललीय ती.
जन्मात एक अंडं फुटलं नसेल तिचं.

खिडकीच्या कट्ट्यावर मात्र एक अंडं आहे.
तेलातलं. हातात घ्यावंसं वाटेल असं.
आता पाद्रीबाबा लोकांना समजावतात,
हे अंडं म्हणजे कौमार्य,
हे म्हणजे थडग्याआडचा उजेड.
असेल.
मी मागे उभी राहून ऐकते, मान हलवते.
डावीकडे त्याला एक बारीक चीर आहे,
मेणबत्ती जवळ धरली तर दिसते.
सान मार्तिनोच्या आदल्या दिवशी
ओल्या पायरीवर पाय घसरला, तेव्हाची.
तडकलंय म्हणून
त्याने अर्धेच पैसे कबूल केले,
आणि तेही
अजून येणं आहेत.