नऊ हजार शुभ सकाळ

उणे एकतीस. उलानबातरमधल्या या तळघरात
माझ्या गाळ्याचा हीटर एकाच अंगाने तापतो,
त्यामुळे सगळी गिऱ्हाइकं त्या बाजूला कललेली.
दाशझेवेग आजोबा मात्र गार बाजूलाच थांबले.
देलच्या आत हात घालून, थेट काखेतून, फोन काढला
कोकरू काढावं तसा, ऊब मोडू न देता.
"मठ्ठ झालाय," म्हणाले. "बोट ठेवावं,
चहा ओतावा, प्यावा, मग हा जागा होतो.
दुकानदार म्हणाला, नवीन घ्या."

दुकानदार तेच म्हणणार.

मी मागचं झाकण गरम केलं, कडेने पातळ पत्ती फिरवली.
आत बॅटरी, पोट टरारलेलं.
पाच हिवाळे, कधी सोलर पॅनलवर,
कधी मुलाच्या ट्रकमध्ये, मिळेल तिथे चरलेली.
"आजोबा, हा मठ्ठ नाही. जपून चालतोय.
अंगात किती उरलंय, त्याला ठाऊक आहे.
एकदम धावला तर जागच्या जागी बंद पडेल,
म्हणून आपला लगाम आपणच ओढून धरतो."

ते बराच वेळ त्या फुगवट्याकडे बघत राहिले.
"वसंतातला घोडा," एवढंच म्हणाले.
पुढचं मला माहीत होतं, शहरात वाढले असले तरी:
बर्फ सरता सरता घोड्याच्या बरगड्या मोजता येतात,
आणि तेव्हा त्याला कुणी चाबूक दाखवत नाही.

बॅटरी बदलणं सोपं. वीस मिनिटं.
पण मेमरी काठोकाठ, एका मेसेजपुरतीही फट नाही.
उघडून पाहते तर मेहुण्याने पाठवलेली
नऊ हजार शुभ सकाळ.
नऊ हजार! गुलाब, सूर्य, वाफाळता कप, हंसांची जोडी,
पुन्हा गुलाब.
"यातलं काय ठेवू?"
"हंस ठेव एक. विचारेल तो."

मग ॲप्स. कर्जाचं, कुस्तीच्या निकालांचं,
नातवाने टाकलेले सात खेळ,
सगळी पडद्यामागे जागी,
न बोलावलेल्या पाहुण्यांसारखी चुलीपाशी फतकल मारून.
एकेकाला उठवलं.

शेवटी एक व्हिडिओ. तीन तास अकरा मिनिटं, नुसता काळा.
"हा खिशात चुकून झालाय. उडवते."
"थांब. आवाज लाव."

कापडाची घासघास. बर्फात पावलांची कुरकुर.
श्वास.
मग आजोबांचाच आवाज, कुणाला तरी शिव्या देणारा,
फार मायेने.
मग वारा. आणखी वारा.
आम्ही ऐकत राहिलो. मागचं गिऱ्हाईक दोनदा खोकलं.

"उंटीण," ते म्हणाले. "गाभण होती."
"सापडली?"
"दुसऱ्या दिवशी. दोघं."

उडवला नाही. माझ्या डब्यात एक जुनं कार्ड पडून होतं,
त्यावर हलवला, पैसे लावले नाहीत.
"दहावा हिस्सा तरी नेहमी मोकळा ठेवा.
आठवड्यातून एकदा बंद करून चालू करा.
आणि चार्जिंगला लावून स्टोव्हजवळ ठेवू नका,
थंडी नुसती अडवते, आच आतून खाते."
त्यांनी बोटं दुमडली, एक, दोन, तीन,
आणि ती मूठ तशीच खिशात घातली.

फोन सुरू झाला. बोट टेकताच लख्ख उघडला.
आजोबा दचकले.
"आता चहा कधी पिऊ?"

ते गेल्यावर काउंटरवर आरूलचे तीन तुकडे दिसले,
वाळलेलं दही, दगडाच्या वरताण.
फुगलेली बॅटरी मी वाळूच्या डब्यात ठेवली
आणि आईला फोन लावायला माझा स्वतःचा उचलला.
चक्र फिरत राहिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात, तसं.
आरूलचा तुकडा गालात धरला.
तो चावायचा नसतो.
विरघळेपर्यंत थांबायचं.