दाराचा प्रश्न

पहाटे साडेचारला, सरवटे बसस्थानकासमोर
मुळ्ये अजून तेच घोळवत होता:
जावाच्या सर्व्हरनं आपलं दार आपण उघडावं,
पुढे आणखी एक वेब सर्व्हर कशाला?
दोन लॉग, दोन कॉन्फिग,
प्रमाणपत्रं कुठे ठेवली ते आठवायचं दोनदा,
आणि बिघडलं की दोघांची बोटं एकमेकांकडे.

रात्रभर तीच बोटं तर मोजली होती.
पडद्यावर पाचशेदोन.
पुढचा म्हणे, आतून उत्तर नाही.
आतला म्हणे, मला विचारलंच कोणी?
आणि पतपेढीची तीस हजार पासबुकं
दोघांमधल्या बोळात उभी.
निघालं काय शेवटी,
जोडणी धरून ठेवायची मुदत:
पुढच्याची नव्वद सेकंद, आतल्याची साठ.
तीस सेकंद एकजण हात धरून उभा होता,
दुसऱ्यानं सोडलेला.

मी तरी कुठे हरले होते?
पतपेढीचा तो हिरवा पोपट,
ती चित्रं, ते अर्जांचे कोरे नमुने,
सगळं दर वेळी आतूनच आणायचं?
चक्रवाढ व्याज करत बसलेल्याला
उठवून पोपट वाटायला लावायचं?

भेरूलालजींच्या गाड्यावर पुढे गोटू असतो.
पाणी, कागद, शेव, सुट्टे, जीरावनचा डबा,
सगळं त्याच्याकडेच.
आत जातं ते फक्त "बिना प्याज".
आज गोटू नव्हता.
उजव्या हातात झारा, डाव्यात गल्ला,
नोटांना हळद.
रांग पार रिक्षांपर्यंत,
खंडव्याची बस भोंगा मारतेय,
पण एकाचाही बिना प्याज चुकला नाही.
मुळ्येनं माझ्याकडे बघितलं.
बोलला नाही, एवढी अक्कल आहे त्याला.

"गोटू किधर?"
"बहन की शादी में. परसों आएगा."
"अकेले में भी जम तो रहा है, भिया."
वाफेतून एक डोळा वर आला.
"अभी भीड़ किधर हुई है, दीदी.
आठ बजे आना."

आठ वाजता मी झोपले होते.
मुळ्येनं तेवढ्यात पुढचा सर्व्हर काढून टाकला,
दुपारी मी परत बसवला,
पोपट बाहेर ठेवून.
मुदत आता दोन्हीकडे सारखी.

सुट्ट्यात आलेली पिवळी दहाची नोट
लॅपटॉपच्या पिशवीत पडून आहे.
कोणी घेत नाही.