रगतांत दिसतलें?

शुक्रवार. म्हापशाचा बाजार अजून मांडला जातोय,
चौरिसांच्या माळा दोरीवर चढायच्या आहेत.
पोदेराचा भोंपू गल्लीतून जातो
आणि बाकावरची बारा उपाशी माणसं
एकदमच मान वळवतात.
मी नाव पुकारते:
ललना वेर्लेकर, वय एकोणसाठ.

त्या बसतात, बाही सरकवतात.
शीर ठळक. जुन्या पोस्टमास्तरच्या सहीसारखी.
चेहरा मात्र वयाच्या अलीकडेच कुठेतरी थांबलेला,
गाल सकाळच्या उंड्यासारखे,
डोळ्यांखाली जिथे या वयात खाच असायची
तिथे कुणीतरी भराव टाकून गेलेलं.

मी रबरी पट्टा आवळते. मूठ वळा, म्हणते.
त्या मूठ वळत नाहीत,
माझ्या कानाशी येतात:
"बाय, पणजेक वचून गालांत इंजेक्शनां घेतल्यांत.
बारा दीस जाले.
रगतांत दिसतलें?"

एकोणीस वर्षं मी रक्त काढते.
लोकांनी विचारलंय, काल दारू प्यालो ते कळेल का,
पानात तंबाखू होती ते कळेल का,
एकाने विचारलं होतं, खोटं बोललो तर.
हे मात्र पहिल्यांदाच.

आत जाऊन डॉक्टर मिनेझिसना विचारून आले.
ते सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता म्हणाले,
साखरेला गाल ठाऊक नसतात.
कोलेस्टेरॉललाही नाहीत.
सूज, लाली असेल तर
जळजळीचा एखादा आकडा थोडा वर जाईल,
आणि यकृताची एक तपासणी आहे
जी नेमका तोच पदार्थ मोजते,
पण ती हिला कुणी लिहिलेली नाही.
तरी आपल्या डॉक्टरांना सांगून ठेव म्हणावं.
लपवण्यासारखं त्यात काय आहे?

(त्यांना काय जातं म्हणायला.)

मी बाहेर येऊन एवढंच सांगितलं: नाही दिसत.
आमच्याकडे शेतात भराव टाकला
की पाणी शेजाऱ्याच्या पडवीत शिरतं.
गालात टाकलेलं गालातच राहतं,
हळूहळू विरतं,
रक्त त्याच्याखालून आपल्या वाटेने जातं.

तेव्हा कुठे मूठ वळली.
जांभळ्या बुचाची नळी भरली,
मग करड्या बुचाची,
मग लाल.
सुई निघताना त्या म्हणाल्या,
"रिपोर्ट ते व्हरतले. पेन्सिल घेवन वाचतात."
आणि हसल्या.
हसताना ओठ हलले,
गालांना थोडा उशीर लागला.

आकड्यांची भीती नव्हतीच त्यांना.
भीती कागदाची होती.

पाच वाजता ते आले. गोरेगोमटे, इस्त्रीचा शर्ट,
खिशात खरंच पेन्सिल.
काउंटरवरच कागद उलगडला,
ओळीओळीने खाली उतरत गेले.
साखर: बरोबरची खूण.
कोलेस्टेरॉल: बरोबरची खूण.
थायरॉइड, यकृत, मूत्रपिंड,
शिक्षकाने वही तपासावी तशा
खुणा, खुणा, खुणा.

सगळ्यात वरची ओळ त्यांनी शेवटी वाचली.
हिमोग्लोबिन: आठ पूर्णांक नऊ.
पेन्सिल तिथेच उभी राहिली.
"हें कितें?"

मी म्हटलं, रक्त कमी आहे.
आजचं नसणार,
इतकं खाली यायला बहुधा वर्षं लागतात.
त्या जेवतात कधी?

ते उत्तर शोधू लागले.
सकाळी मला सांगितलं असतं त्यांनी,
ताटात माशाचा कुठला तुकडा हिच्या वाट्याला येतो,
तर मी विश्वास ठेवला असता.
आता मात्र ते
आपल्याच स्वयंपाकघरात पहिल्यांदा
शिरल्यासारखे दिसत होते.

त्यांनी कागदाची घडी घातली. पुन्हा उलगडली.
पेन्सिल खिशात ठेवायला विसरले.
दारापर्यंत गेले आणि वळले:
"तांबडी भाजी आतां मेळटली?"

संपली असेल, मी म्हटलं.
तरी मागच्या गेटाकडे बघा.
तिथे हळदोण्याची एक बाई बसते,
काळोख पडला तरी
तिच्या टोपलीत एखादी जुडी उरलेली असते.