एका बिलावर चारच

बिबवेवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी
पुखराज छाजेडचं दुकान. पाटी नाही.
होती, ती एका वादळात गेली,
आणि तिच्यावाचून काही अडत नाही
हे त्याच्या लक्षात आलं.

मोठ्या रस्त्याला मार्ट उघडलं
तेव्हा पहिल्या महिन्यात मी गेले नाही.
दुसऱ्या महिन्यात गेले, तूरडाळीसाठी.
किलोमागे एकोणीस रुपये कमी.
एकोणीस रुपये म्हणजे काय,
हे ज्या घरात पेन्शन एकाची आणि गोळ्या दोघांच्या
तिथं समजावून सांगावं लागत नाही.

येताना त्यांची पिशवी आपल्या कापडी पिशवीत कोंबली,
मागच्या गल्लीनं, भिलारेंच्या गिरणीवरून, लांबून घरी आले.
साठीच्या बाईनं असं चोरून यावं, तेही डाळीपायी!
हे म्हणाले, "अगं, पुखराज काय तुझा नवरा आहे?"

मग आम्ही समजुतीनं वागू लागलो, मी आणि तो.
जिरं, हिंग, गूळ, उदबत्ती मी त्याच्याकडून न्यायची.
तो विचारायचा नाही, काकू, हल्ली तेल संपत नाही का?
मी विचारायची नाही, वरच्या फळीवर एवढी जागा कशी झाली?
धाकट्याला जुलाब लागले तेव्हा रात्री अकराला
ज्याचं शटर वाजवून मी ग्लुकोजचा डबा नेला,
खवट निघालेलं खोबरं ज्यानं अर्धं वापरल्यावरही परत घेतलं,
त्याच्या दुकानातून मी
दर महिन्याला थोडी थोडी कमी होत गेले.

परवा सोमवारी, सकाळी, मार्टच्या रांगेत
माझ्या पुढे एक ओळखीची मान.
गोण्या उचलून उचलून डावीकडे कललेली.
ट्रॉलीत तेलाच्या पिशव्या. नुसत्या तेलाच्या. बारा.

मी वळायच्या बेतात होते, तोवर तो वळला.
त्यानं माझ्या ट्रॉलीत पाहिलं, मी त्याच्या.
आधी कोणी ओशाळायचं, ते ठरेना.

"मार्केट यार्डात मला पडतं
त्याहून इथं सहा रुपये कमी आहे, काकू,"
तो म्हणाला, "मग इथनंच उचलतो."
एवढं बोलून त्यानं उगाच पिशव्या सारख्या केल्या,
जशा दुकानात करतो.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, एका बिलावर चारच.
बाकीच्या काढून ठेवा, काका.

मी माझी एक पिशवी फळीवर परत ठेवली
आणि त्याच्या चार माझ्या बिलावर घेतल्या.
मागे शितोळ्यांचा नातू उभा, कानात गाणी.
त्याच्या खांद्यावर टिचकी मारली. उरलेल्या चार त्याच्या.
"कशाला?" त्यानं विचारलं.
"घे म्हटलं ना."

त्या दिवशी पुढच्या गल्लीनं घरी आले,
मार्टची पिशवी उघड्यावर,
शेजारून पुखराज, दोन्ही हातांत ओझं, गप्प.

दुकानात त्यानं लाल वही काढली. आमचं पान.
एकोणतीस वर्षं उजवीकडे नावे, नावे, नावे,
डावीकडे महिन्याच्या पाच तारखेला रुपये जमा.
आज डावीकडे लिहिलं: काकूंकडून तेल, पिशव्या चार.

"पैसे नकोत," मी म्हटलं, "फिरवून घेऊ.
दोन किलो तूरडाळ दे."
"डाळ आत्ताच घेतलीत की," मान वर न करता तो म्हणाला,
"एकोणीस रुपये कमीनं."

त्याला आकडा पाठ होता.
गिरणीवरून घातलेला तो सगळा वळसा
माझ्या पायांना एकदम जाणवला.

"बरं, मग तेलच दे एक. तुझ्या भावानं."
त्यानं पिशवी पुढं सरकवली,
चारवर काट मारून तीन लिहिलं,
स्वतःचा भाव लावलाच नाही,
आणि माझ्या मागं उभ्या असलेल्या पोराला म्हणाला, "बोल."