शेवटची ओळ

मिरकरवाड्याच्या लिलाव शेडमध्ये सोसायटीचा फळा आहे.
खडू माझ्या हातात असतो.
डावीकडे भाव: सुरमई, हलवा, सौंदाळा, बांगडा पाटीला.
उजवीकडची जागा वर्षभर रिकामी,
तिथे कुणी भाड्याच्या खोलीचा नंबर लिहितं,
कुणी शिवी.

यंदा मे महिन्यात हसनमियाँ होडेकर म्हणाले,
"नाझनीन, तिथे कप लिही."
मी सहा देश लिहिले एकाखाली एक.
सामने, जिंकले, हरले, गुण,
आणि ते रनरेटचं दशांशातलं लचांड,
जे बर्फाच्या बिलांमुळे मला पटकन जमलं.
उणे हे चिन्ह मात्र तोवर
फक्त उधारीच्या वहीत काढलं होतं.

सहाव्या ओळीत नेपाळ.
चार सामने, चार हार.

'भैरीकृपा'वरचा खलाशी दिलमान रोकाया
पहाटे डोक्यावर पाटी घेऊन यायचा,
मानेवरून बर्फाचं पाणी ओघळत असताना
फळ्यापुढे थांबायचा.
मागचा ओरडायचा, चल रे, चल.
तो शेवटची ओळ वाचून घ्यायचा.
वाचता येत होती त्याला, अक्षरं तीच आहेत दोघांची.
एकदा म्हणाला, "दीदी, हा ळ आमच्यात नाय.
साधा ल टाक."
मी म्हटलं, मराठीत असंच लिहितात.
"बरं," म्हणाला,
आणि पाटी घेऊन गेला.

मग गणित असं फिरलं
की आपण पुढे जायचं
तर नेपाळने वेस्ट इंडिजला हरवायला हवं.
बंदर एका रात्रीत नेपाळी झालं.
कालपर्यंत सगळ्या खलाशांना एकाच नावाने हाक मारणारे
आज त्यांच्याकडून खेळाडूंची नावं शिकत होते,
जिभेवर पुन्हा पुन्हा घोळवून.
वासुदेव पावसकर भैरीला नारळ बोलले,
लहानसा, देश परका म्हणून.

फक्त दिलमान नव्हता.
भैरीकृपा आदल्या रात्रीच गेली होती
वीस वावाच्या पुढे, जिथे मोबाईलचं नुसतं घड्याळ होतं.
मी सोसायटीच्या वायरलेसवर धावा सांगत होते.
"एकशे बारा, तीन बाद. ओव्हर."
तांडेल वैतागले, "कितवी ओव्हर?"
म्हटलं, माझं बोलणं ओव्हर. षटकं आहेत अजून.
खरखरीच्या मागे लांब कुणीतरी ओरडलं,
किंवा ते इंजिन असेल.

शेवटच्या षटकात नऊ हवे होते.
अकरावा गडी, मिसरूडही न फुटलेला,
दुसऱ्या धावेला वळला
आणि घसरला.
चार धावांनी गेला सामना.

शेडमध्ये पाच मिनिटं शिव्या.
मग सगळे पुन्हा आपल्या देशात आले,
चहा मागवला,
"त्यांच्याच्याने काय होणार होतं," म्हणाले.
मी वायरलेसचं बटण दाबून धरलं.
कुणाची हार सांगायची होती मला,
त्याची की आमची?
"चार रन," एवढंच बोलले.
ओव्हर म्हणायचं राहिलं,
म्हणून पलीकडूनही कुणी बोललं नाही.

तिसऱ्या पहाटे भैरीकृपा लागली.
दिलमान फळ्यापुढे थांबला.
पाच सामने, पाच हार, गुण शून्य.
काय बोलायचं ते मी ठरवून ठेवलं होतं,
आणि हा हसत होता,
खवले चिकटलेली चार बोटं माझ्यापुढे धरून:
"दीदी, फक्त चार! वेस्ट इंडिजशी!"
मग त्याला ते अक्षर दिसलं.
आदल्या संध्याकाळी बदललं होतं मी,
तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.
त्याने पाटी जराशी सावरली.
मागचा ओरडला, चल रे, चल.

फायनल कोण जिंकलं तेही लिहिलं असणार मी.
होड्या ओढायच्या आठवड्यात
उजवी बाजू ओल्या फडक्याने पुसली,
भाव तेवढे ठेवले.
चेअरमन बराच वेळ फळ्याकडे बघत होते.
म्हणाले, "नाझनीन,
सौंदाळ्याचा ळ कुठे गेला?"